चवथीनंतर आलेला फोन: संपर्कांची यादी कशासाठी मागतात?

बकुळ_फोंडा (धागाकर्ती)

गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) झाली की आमच्या भागात घराघरांत खोकला सुरू होतो. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, मूळ घरात तीन-चार पिढ्या एकत्र आणि रात्री उशिरापर्यंत आरत्या. यंदा माझ्या ओळखीतल्या दोन घरांना आरोग्य केंद्रातून फोन आले. घरातल्या वयस्क आजींना इस्पितळात ठेवावं लागलं होतं, तपासणीत श्वसनाचा विषाणू निघाला, आणि चवथीला घरात कोण कोण होतं त्यांची नावं केंद्राने मागितली. दोन्ही घरांनी मला एकच विचारलं: "द्यायची का नावं? पाहुण्यांना उगाच त्रास कशाला?"

कोविडच्या काळात मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच काम करत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

यादीचा एक उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना लागण झाली असेल त्यांना वेळेत सावध करायचं, म्हणजे साखळी तुटते. दुसऱ्या उपयोगाबद्दल मात्र कुणी बोलत नाही: विषाणू किती पसरतो हे मोजणं. त्यासाठी आजारी माणसांइतकीच ठणठणीत राहिलेली माणसंही यादीत लागतात. समजा मूळ घरात २४ माणसं होती आणि ६ आजारी पडली. तुम्ही ती सहाच नावं दिलीत, तर जो भेटला तो आजारी पडला असं चित्र दिसतं. चोवीसही दिलीत तर पहिला रुग्ण सोडून २३ पैकी ५ जणांना लागण झाली हे कळतं, म्हणजे साधारण २२ टक्के. त्यातही एका खोलीत झोपलेल्यांपैकी किती आणि नुसतं जेवून गेलेल्यांपैकी किती, हे वेगळं काढता आलं तर विषाणू कसा पसरतो ते कळू लागतं. "आमगेर कोणाकूच कितें ना, बाय" (आमच्याकडे कुणालाच काही नाही), असं म्हणून लोक फोन ठेवतात तेव्हा हीच माहिती हातची जाते.

आता कुठल्या दिवसांची नावं द्यायची? कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग देऊ शकतो, म्हणून तेव्हापासूनचे संपर्क धरत. फ्लूमध्ये साधारण एक दिवस आधीपासून. शिवाय फ्लू लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत डोकं वर काढतो, तर मूळच्या कोविडला सरासरी पाचेक दिवस लागायचे आणि क्वचित चौदापर्यंत जायचे. फ्लूचा रिपोर्ट येईपर्यंत त्या रुग्णाकडून लागण झालेली माणसंही आजारी पडलेली असतात. म्हणून नेहमीच्या फ्लूच्या प्रत्येक रुग्णामागे कुणी याद्या करत बसत नाही. एकाच घरात किंवा वसतिगृहात बरेच जण एकदम आजारी पडले, कुणी गंभीर झालं किंवा विषाणू नवा असण्याची शंका आली, की मग विचारणा होते.

जवळचा संपर्क म्हणजे कोण, याची कोविडच्या वेळची आपल्याकडची व्याख्या साधी होती. एकाच घरात राहणारे, खबरदारी न घेता एक मीटरच्या आत आलेले, रुग्णाची शुश्रूषा केलेले हे जास्त जोखमीचे. एकाच वर्गात बसलेले किंवा एकाच बसमधून आलेले, पण इतके जवळ न आलेले, ते कमी जोखमीचे. व्याख्या कागदावर ठीक आहे, पण चवथीच्या घरात ती अपुरी पडते, कारण तिथे आरती असते.

घुमट, शामेळ, कांसाळी ही वाद्यं आणि बंद खोलीत वीस-पंचवीस माणसं पूर्ण आवाजात गाताहेत. अशा वेळी तोंडातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण एका मीटरवर थांबत नाहीत. १० मार्च २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत एका समूहगानाच्या मंडळाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते आणि त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. उरलेल्या ६० पैकी ३२ जणांचा कोविड चाचणीने सिद्ध झाला, आणखी २० जणांना तशीच लक्षणं आली, दोघे दगावले. ही गोष्ट जगाला इतक्या बारकाईने कळली ती मंडळाकडे हजेरी होती म्हणून, आणि ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्याशीही आरोग्य खातं बोललं म्हणून. बंद खोलीतलं गाणं किती जोखमीचं असू शकतं, हे पटायला त्या तालमीचा मोठा आधार झाला.

म्हणून त्या दोन्ही घरांना मी सांगितलं, नावं द्या आणि सगळी द्या. तुमचं मत काय? ज्यांना असे फोन आले होते त्यांनी अनुभव लिहावा.

---

साखळीचे_गुरुजी

बकुळताई, चांगला विषय घेतलात. एप्रिल २०२० मध्ये गोव्यात घरोघरी जाऊन तापखोकल्याचं सर्वेक्षण झालं, त्यात आम्हां शिक्षकांनाही पाठवलं होतं. विद्यार्थ्याचं घर असलं की दार लगेच उघडायचं. अनोळखी वाड्यावर मात्र खिडकीतूनच "सगळे बरे आहेत" ऐकायला मिळायचं, आणि आतून खोकल्याचा आवाज येत असायचा. त्या माणसांना मी खोटं बोलणारे म्हणणार नाही. खोकला आहे असं सांगितलं तर आपल्याला उचलून नेतील, ही धास्ती होती.

ही धास्ती आजची नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी रँडच्या हाताखाली सैनिक घरांत शिरून झडत्या घेत होते आणि लोक आजारी माणसं लपवत होते. पुढे काय घडलं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. साथरोग कायदाही त्याच वर्षीचा, आणि २०२० मध्ये तोच वापरला गेला. दरडावून घेतलेल्या यादीत खरी नावं येत नाहीत, हे तेव्हाही दिसलं होतं.

---

मुरगावची_लेक

मी वास्कोची. जून २०२० मध्ये मांगोर हिल कंटेनमेंट झोन झाला तेव्हा आम्ही आतच होतो. तोवर गोव्यात सगळ्यांना हायसं वाटत होतं. मार्चअखेरपासूनचे सातही रुग्ण एप्रिलमध्ये बरे झाले होते आणि राज्य ग्रीन झोनमध्ये गेलं होतं. मग आमच्या टेकडीवर रुग्ण निघाले आणि सगळ्या गोव्याचं बोट आमच्याकडे वळलं.

बकुळताई, तुमचं गणित मला पटतं, पण आमच्या वाट्याला काय आलं तेही ऐका. आजारी कुटुंबांची नावं व्हॉट्सॲपवर फिरली, फोटोंसकट. ज्यांच्या घरात कुणालाच काही नव्हतं त्यांनाही, फक्त पत्ता मांगोरचा म्हणून, "महिनाभर येऊ नको" सांगण्यात आलं. माझ्या भावाचं काम तेव्हा सुटलं ते सुटलंच. त्यानंतर कुणी "कुणाकुणाला भेटलात" विचारलं की आमची माणसं गप्प बसायची. मी त्यांना दोष देणार नाही. यादी मागणाऱ्याने आधी सांगावं की ती कुणाच्या हातात जाणार.

---

दोडामार्गकर

+१ मुरगावची_लेक.

माझा प्रश्न वेगळा आहे. मी राहतो दोडामार्गात, नोकरी डिचोलीकडच्या कारखान्यात. आमच्यासारखे शेकडो लोक रोज ये-जा करतात, आणि दुखणं मोठं असलं की सिंधुदुर्गातून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जातात. २०२० मध्ये पत्रादेवी, दोडामार्ग, केरी इथे नाके लागले तेव्हा आमची अर्धी माणसं अलीकडे आणि अर्धी पलीकडे अडकली होती. उद्या मी आजारी पडलो तर माझे घरचे संपर्क महाराष्ट्रात आणि कामावरचे गोव्यात. विचारणार कोण?

---

बकुळ_फोंडा

दोडामार्गकर, दोन्हीकडचे. रुग्ण जिथे सापडला तिथलं केंद्र पूर्ण यादी करतं आणि राज्याबाहेरची नावं त्या त्या जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण कक्षाकडे कळवतं. २००४ पासून देशभर एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे, त्यातून हे जाणं अपेक्षित असतं. तुम्ही स्वतः करण्यासारखं म्हणजे कामावरची नावं सांगताना फक्त "कंपनीतले" म्हणू नका. कुठली शिफ्ट, डबा कुणाबरोबर खाल्ला, गाडीत शेजारी कोण होतं, हे सांगा. डबा खाताना मास्क उतरतो आणि माणसं समोरासमोर बसतात. कारखान्याच्या मोठ्या शेडपेक्षा त्या अर्ध्या तासाकडे मी जास्त लक्ष द्यायची.

मुरगावची_लेक, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. नावं बाहेर फुटणं हा गुन्हाच मानला पाहिजे. आम्हांला शिकवलेला नियम असा होता की संपर्काला फोन करताना रुग्णाचं नाव सांगायचं नाही. "तुम्ही अमुक दिवशी एका लागण झालेल्या व्यक्तीच्या जवळ होता" एवढंच. समोरचा दहा वेळा विचारतो, "कोण ते सांगा तरी." नाही सांगायचं. लहान गावात तो अंदाज बांधतोच, पण आपल्या तोंडून नाव जाता कामा नये. आणि तुम्ही म्हणता तसं, यादी देणाऱ्याने आधी विचारावं: ही कुणाकडे राहणार, पंचायतीत जाणार का, कुठल्या ग्रुपवर टाकणार का? हा तुमचा हक्क आहे.

---

आकडेमोड

मी पर्वरीत राहतो, आकडेवारीचं काम करतो. बकुळताईंच्या मुद्द्याला जोड देतो.

संपर्कशोधातून भारतानेच जगाला एक फार मोलाची गोष्ट दिली आहे. २०२० मध्ये तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशच्या यंत्रणांनी गोळा केलेल्या याद्यांवरचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. ८४,९६५ रुग्ण आणि त्यांचे ५,७५,०७१ संपर्क. निघालं काय, तर सुमारे ७१ टक्के रुग्णांच्या एकाही तपासलेल्या संपर्काला लागण झालेली सापडली नाही, आणि जेमतेम ८ टक्के रुग्णांकडून ६० टक्के नवी लागण झाली. म्हणजे "एक माणूस सरासरी दोघा-तिघांना देतो" ही सरासरी फसवी आहे. बहुतेक जण कुणालाच देत नाहीत, थोडे जण पुष्कळांना देतात.

यातून पुढची गोष्ट निघते. आपण नेहमी पुढे बघतो: या रुग्णाने कुणाला दिलं? पण मागे वळून, याला कुठून मिळालं, हे शोधण्यात अनेकदा जास्त हाती लागतं. बागेत दहा मानकुरादची झाडं आहेत असं धरा. सात झाडांना या वर्षी आंबाच नाही, दोघांना तुरळक आहे, एक लगडलंय. टोपलीतला कुठलाही आंबा उचला, तो लगडलेल्या झाडाचाच असण्याची शक्यता जास्त. तसंच, सापडलेला रुग्ण एखाद्या मोठ्या प्रसंगातून आलेला असण्याची शक्यता जास्त. तो प्रसंग सापडला की तिथले बाकीचे लागण झालेलेही सापडतात. जपानने २०२० च्या सुरुवातीला हाच भर ठेवला होता. बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं, या तीन गोष्टी टाळा असं ते सांगत, ते या मागे वळून केलेल्या शोधातूनच आलं.

तुमच्या चवथीच्या घरालाही हाच प्रश्न विचारायला हवा. आजींना तिथे ताप आला, पण विषाणू घरात आणला कुणी, कुठल्या आरतीतून? एक तपशील जरूर बघा. आजी आणि नातू एकाच दिवशी तापले असतील तर आजींनी नातवाला दिला असं धरू नका. दोघांनाही तिसऱ्याकडून एकदम मिळालेला असू शकतो. ते तसं न मोजता दुय्यम लागण (घरातल्या पहिल्या रुग्णाकडून दुसऱ्याला झालेली) म्हणून धरलं की टक्केवारी फुगते. म्हणून ताप कधी सुरू झाला ती तारीख प्रत्येकाची हवी.

---

बकुळ_फोंडा

आकडेमोड, आंब्याचं उदाहरण मी पुढच्या प्रशिक्षणात वापरणार.

त्या ७१ टक्क्यांबद्दल मात्र एक सांगते. संपर्काची चाचणी कधी झाली यावर सगळं अवलंबून असतं. दुसऱ्याच दिवशी नमुना घेतला तर लागण असूनही निगेटिव्ह येतो. म्हणून पाचव्या दिवसानंतर तपासायला सांगत. काहींना लक्षणंच येत नाहीत, ते कुठल्याच हिशेबात येत नाहीत. नवा विषाणू आला की पहिल्या थोड्या रुग्णांच्या आणि त्यांच्या संपर्कांच्या अभ्यासासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ठरलेली पद्धत आहे. त्यात संपर्कांचं रक्त दोनदा घेतात, एकदा सुरुवातीला आणि एकदा काही आठवड्यांनी, आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) वाढली का ते बघतात. लक्षणांशिवाय होऊन गेलेली लागणही त्यात पकडली जाते. लोक दुसऱ्या वेळी रक्त द्यायला तयार नसतात, "आता बरे आहोत ना" म्हणतात. पण खरी किंमत त्या दुसऱ्या नमुन्याचीच असते.

---

पेडणेकर_६४

सगळं वाचलं. माझी शंका सरळ आहे. कोविड आता सगळ्यांना होऊन गेला. मे २०२१ मध्ये गोव्यात चाचणी केलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पॉझिटिव्ह येत होते, तेव्हा कुठली यादी आणि कुठला शोध? यंत्रणा कोलमडली होती. मग आता कशाला हा खटाटोप?

---

आकडेमोड

काका, मे २०२१ बद्दल तुमचं बरोबर आहे. दोन चाचण्यांपैकी एक पॉझिटिव्ह येते तेव्हा संपर्कशोध हे हत्यारच राहत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूतही असंच झालं. मे महिन्यात हैदराबादला पहिला रुग्ण सापडला तेव्हा प्रवाशांचा आणि संपर्कांचा माग काढत होते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, विषाणू गावभर पसरला, आणि मग भर गंभीर रुग्णांच्या उपचारावर गेला.

पण शोध सुरुवातीला उपयोगी पडतो, आणि सुरुवात आहे हे कळण्यासाठी तो चालू असावा लागतो. २०१५ साली मध्यपूर्वेतून परतलेल्या एका प्रवाशामुळे दक्षिण कोरियात मर्स हा श्वसनाचा विषाणू पोचला. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. त्यांपैकी ८२ जणांना सोलमधल्या एका इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात एकाच रुग्णाकडून लागण झाली. आधीच्या इस्पितळातले त्या प्रवाशाचे संपर्क पूर्ण शोधले असते, तर हा रुग्ण सोलला जाण्याआधीच नजरेखाली आला असता. उलट, केरळने २०२३ मध्ये कोझिकोडला निपाह आला तेव्हा रुग्ण कुठे कुठे गेला त्याचे मार्ग जाहीर केले, हजारावर संपर्क नजरेखाली ठेवले. सहा रुग्णांवर साथ थांबली.

आणि पेडण्यात तर आता मोपाचा विमानतळ आहे.

---

मोरजी_गेस्टहाउस

मोपाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमच्याकडे पाहुणा चार दिवस राहतो आणि आजारी पडतो ते स्वतःच्या गावी जाऊन. आम्हांला कळतच नाही. परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवतो, देशी पाहुण्यांची वहीत नोंद असते, पण बऱ्याचदा एकाच्याच फोन नंबरवर सहा जण. हल्ली मी प्रत्येकाचा नंबर घेते. विमानात रुग्णाची रांग आणि पुढच्या-मागच्या तीन-तीन रांगा शोधायचे, पण विमानातून उतरून सगळे एकाच टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दीड तास एसी लावून बसायचे, त्याची नोंद कुणाकडे असते?

---

बकुळ_फोंडा

मोरजीताई, अगदी मोलाचं. त्या टेम्पोतला दीड तास माझ्या मते विमानाइतकाच महत्त्वाचा, कदाचित जास्त. विमानात हवा सतत गाळली जाते, टेम्पोत तीच फिरत राहते.

---

काणकोणची_सून

कोविडमध्ये फोनवर सरकारचं आरोग्य सेतू ॲप होतं ना, मग हे सगळं विचारत का बसायचं? आणि माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, चवथीला आमच्याकडेही खोकणारे पाहुणे होते. त्यांना काही नाही अजून. तपासावं का?

---

बकुळ_फोंडा

सासूबाईंचं आधी. काही लक्षण नसेल तर घाबरू नका, पण रोज ताप बघा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा लिहून ठेवा. कणकण, खोकला, जेवणावरची वासना जाणं, एकदम गळून जाणं किंवा असंबद्ध बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. म्हाताऱ्या माणसांत ताप न येताही आजार वाढतो. फ्लूवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर जास्त गुण येतो, म्हणून "दोन दिवस बघू" नको. पाहुणे खोकत होते हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

ॲपबद्दल: २ एप्रिल २०२० ला ते आलं, ब्लूटूथने जवळ कोण होतं ते टिपायचं. पण ब्लूटूथला भिंत कळत नाही, आणि आरतीच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो. आजींकडे तर असा फोनच नसतो. ॲप मदतीला ठीक होतं, पण माणसाने माणसाशी बोलल्याशिवाय "आम्ही रात्री एकाच मच्छरदाणीत झोपलो" हे कधीच कळत नाही.

---

साखळीचे_गुरुजी

मुरगावची_लेक, तुमच्या वास्कोच्या भजनी सप्ताहाची आठवण झाली. गावात साथ आली होती, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घालून प्रसादाचं श्रीफळ आणलं आणि त्यातून सप्ताह सुरू झाला, असं सांगतात. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा. २०२० मध्ये गर्दी न करता तो पार पडला तेव्हा तुमच्या गावाने फार समजूतदारपणा दाखवला.

---

मुरगावची_लेक

हो गुरुजी. आणि त्या वर्षी भजनाला कोण कधी बसणार त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात तशाच होत्या, म्हणजे कुणाबरोबर कोण होतं हे सगळ्यांना ठाऊक. सरकारी माणसाला न सांगणारी आमची माणसं पाळीच्या प्रमुखाला खरं सांगायची. बकुळताई, तुमच्या लोकांनी आधी अशा माणसांकडे जायला हवं होतं.

---

बकुळ_फोंडा

खरं आहे. जिथे गावातल्या विश्वासाच्या बाईला बरोबर घेतलं तिथे नावं मिळाली.

ताजी खबर: त्या दोन घरांपैकी एकाने काल यादी दिली. मुलांसकट सगळी नावं आहेत, कोण कुठल्या खोलीत झोपलं तेही आहे. फक्त बाहेरून आलेल्या आरती मंडळाचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. मंडळ त्या रात्री वाड्यावरच्या बऱ्याच घरांत जाऊन आलंय, आणि घरच्यांना त्यातले निम्मे ओळखीचेही नाहीत.

---

आकडेमोड

मंडळाचा घुमट वाजवणारा किंवा जो गाडीची व्यवस्था बघतो त्याला गाठा. कुठली घरं, कुठल्या क्रमाने आणि साधारण किती वाजता, एवढं त्याच्याकडून मिळालं तरी पुरे. आधीच्या घरांत कुणी तापलं होतं का आणि नंतरच्या घरांत कुणी तापलं का, दोन्ही विचारा. आजींचं घर त्या क्रमात कितवं होतं ते कळलं की विषाणू मंडळाबरोबर आत आला की बाहेर गेला, याचा अंदाज येईल.

---

बकुळ_फोंडा

गाडी बघणाऱ्याचा नंबर मिळाला आहे. केंद्रातल्या नर्सबाईंना दिला, त्या संध्याकाळी बोलतील. मंडळात कुणालाच काही झालं नसेल तरी त्यांची नावं घ्यायला सांगितली आहेत.